भोवऱ्याचा उजवा पाय

ओळ १

कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खा फोटो एकदम घेत नाही. आधी सगळ्यांत वरची ओळ वाचतो, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात अशा चार हजार ओळी आहेत आणि वरून खालपर्यंत यायला त्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात माणसाची पापणीसुद्धा पुरती लवत नाही.

शंकरपटाच्या शर्यतीतला बैल तेवढ्यात हातभर पुढे जातो.

म्हणजे फोटोत खांदा एका क्षणाचा आणि खूर पुढच्या क्षणाचा. ही गोष्टही मी तशीच सांगते, वरून खाली. मधल्या कितीतरी ओळी गाळून.

ओळ २

जी गोष्ट सरकणार नाही ती आधीच सांगून ठेवते. चंद्रभान मोठेबाबांनी माझ्यावर जेवढा विश्वास टाकला, तेवढा मी स्वतःवर कधी टाकला नाही.

ओळ ३०७

मी अपेक्षा. लग्नांचे फोटो काढते. स्टुडिओ वर्ध्याला लागून पिपरी मेघेत, गाव अल्लीपूर. मोठेबाबा माझे रक्ताचे कोणी नाहीत. आमच्या घरासमोर त्यांचा गोठा, एवढंच नातं. बारावीच्या सुट्टीत भावाच्या मोबाइलवर मी फोटो काढायला लागले, तेव्हा घरातले सगळे मला पाहून पळायचे. मोठेबाबांनी गोठ्यातून एक गोऱ्हा आणून उभा केला.

"याचा काढ. हा कंटाळत नाई."

गोऱ्हा काळा होता. कपाळावर केसांचा भोवरा, म्हणून नाव भोवऱ्या. काळ्या जनावराचा फोटो काढून पाहा कधी. जरा चुकलं की डोळे, भोवरा, वशिंड सगळं डांबरात बुडाल्यासारखं होतं. उजेड कुठून घ्यायचा ते मी त्याच्या पाठीवर शिकले. पुढे तीच विद्या नवरदेवांच्या काळ्या कोटांवर चालली आणि अजून चालते आहे.

ओळ ८८०

भोवऱ्या मोठा झाला, शंकरपटात धावायला लागला. पटाची जोडी कित्येकदा दोन घरांची असते. उजवीकडे चंद्रभानचा भोवऱ्या, डावीकडे रूपराव काकाजींचा चांद्या, फुटलेल्या कापसासारखा पांढरा. चार वर्षं दोघांचा पुकारा एकच व्हायचा: "चंद्रभान-रूपराव, अल्लीपूर!"

ओळ ८८१

आता माझी चूक.

सेन्सरसमोर शटर असतं, एक बारीक पडदा. फोटोगणिक खट् करून पडतो. लाख-दोन लाख वेळा पडला की कधी दगा देईल सांगता येत नाही. माझा त्या बेतात आला होता. मिररलेस कॅमेऱ्यात शटर न वापरताही फोटो निघतो, आवाज न करता, सेन्सर नुसता ओळीओळीनं वाचत जातो. त्यात शटर झिजत नाही.

जानेवारीत मी मोठेबाबांच्या जोडीचे फोटो काढायला पटात गेले. शेवटच्या खांबापाशी, भोवऱ्याच्या बाजूला, कॅमेरा एका जागी रोवून. आणि शटर बंद ठेवलं. म्हटलं, हे काही लग्न नाही. शटर लग्नांसाठी राहू दे.

लग्नाला शटर आणि मोठेबाबांच्या बैलाला फुकटातलं.

ओळ १२८०

फोटो मी फक्त मोठेबाबांना पाठवला. त्यांनी तो कौतुकानं पटाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. पुढचं असं:

जबरदस्त!

एक नंबर भाऊ

उजवा पाय पाहा जरा

खांब सरळ आहे, पाय वाकडा

गुडघ्यातूनच गेला आहे हो

रूपराव भाऊ, पाह्यलं काय?

रूपराव काकाजींनी पाहिलं होतं.

त्याच फोटोत छकडीचं चाक अंड्यासारखं दिसत होतं. चाकाकडे कोणी पाहिलंच नाही. ही माणसं बैलाचा पाय पाहतात. आधी पाय, मग बाकीचा बैल.

ओळ १९४४

आठ दिवसांनी मोठेबाबांच्या घरून आनंदाबाई मोठीआईचा फोन आला.

"काय माय, जेवली काय?"

"हो. तुम्ही?"

"आमचं काय. जोडी तुटली."

"काऊन?"

"रूपराव म्हणते, वाकड्या पायाच्या बैलासंग मी चांद्याले जुपत नाई. फोटोतला पाय पाह्यला म्हणे सगळ्याइनं. अन् आमचे हे, रोज सकाळी बसते त्या पायाले तेल लावत. मी म्हटलं, अहो, पाय तं चांगला आहे, हातानं पाहा. तं म्हणते, आतून असन काई. अपेक्षाचा फोटू खोटा नाई."

मी फोन ठेवला.

आयुष्यभर बैलांच्या पायांवरून हात फिरवलेला माणूस. त्याचा हात सांगत होता पाय चांगला आहे. माझा फोटो सांगत होता वाकडा आहे. त्यानं माझं ऐकलं.

ओळ १९४५

तळेगावकडच्या पटात नाव द्यायची मुदत रविवारची होती.

ओळ २२१०

शनिवारी सकाळी मी वर्ध्यातल्या अंकितच्या दुकानात गेले. नवा कॅमेरा घ्यायचाच होता. त्यानं दोन काउंटरवर ठेवले.

"ताई, दोन्ही घेऊन जा. उद्या वापस करजा. पण एक ऐकून घ्या, सगळं एकात कोनीच देत नाई."

तो बोलत गेला, मी पावतीच्या पाठीवर लिहीत गेले:

पहिला. सेन्सर हळू वाचतो. पण सावलीतलं सारं पकडतो, काळ्यातलंही काळं वेगळं दाखवतो. शटरशिवाय पळतं काही टिपलं की वाकडं. शटर लावलं की सरळ, पण मग सेकंदाला फोटो थोडे.

दुसरा. सेन्सर झटक्यात वाचतो. शटर नसलं तरी सरळ. सेकंदाला हवे तितके. पण त्या वेगापायी सावली थोडी जाते, काळं उजळायला गेलं की रवाळ.

"म्हणजे पाय पाह्यजे का रंग, असं?" मी विचारलं.

"पाय?" अंकित म्हणाला. "ताई, तुमी तं लग्नं करता ना?"

ओळ २७००

अकराचं ऊन. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळं झालेलं मोठेबाबांचं काळं वावर. भोवऱ्यासोबत घरचा वखराचा बैल जुपला, कारण चांद्या येणार नव्हता. मोठेबाबा स्वतः छकडीवर. मी बांधावर, गळ्यात तीन कॅमेरे, मोठीआईच्या भाषेत पोळ्याच्या बैलासारखी.

आधी दुसरा, झटपट वाचणारा. जोडी समोरून गेली आणि बोट उचलेपर्यंत चाळीस फोटो. त्यांत जिथं जिथं पाय टेकलेला, तिथं तो सरळ, ओळंब्यात.

मोठेबाबांनी स्क्रीनवर डोकं खुपसलं.

"पाय बराबर आहे. पण हा भोवऱ्या नोहे."

"मग कोण आहे?"

"म्हैस."

खरं होतं. पाठीवर ऊन, पोटाखाली सावली, आणि सावलीत हात घालून उजेड काढायला गेले तर नुसती रेती. कपाळावरचा भोवरा नाहीसा.

मग पहिला, या वेळी शटर लावून. खट् खट् खट्. सातच फोटो. सहांत पाय पोटाशी मुडपलेला. सातव्यात पुढे टाकलेला, सरळ, आणि कपाळावर भोवरा केसागणिक.

"हा आहे," मोठेबाबा म्हणाले. मग खूप हळू, "पाय चांगला आहे काय, पोरी?"

ओळ २९८८

रूपराव काकाजींना मोठीआईनं चहाला बोलावून ठेवलं होतं. ते बांधावरून आले, कप घेतला, सातवा फोटो पाहिला. जवळून. लांबून. चष्मा काढून.

"हे नवं यंत्र आहे ना?"

"हो काकाजी."

"मंग याच्यात काईबी होते. माह्या मोबाइलात टकल्याले केसं येते. पाय सरळ कराले किती टाइम लागते?"

"अन् मंग वाकडा दिसला तो खरा?" मोठेबाबांनी विचारलं.

"तो कोनाच्या तरी जुन्या कॅमेऱ्यातला असन. त्याच्यात हे एआय-फेआय नवतं."

दोन नवे सेन्सर गळ्यात, आणि दोघांचीही साक्ष कोणी घेईना.

उरला जुना.

ओळ २९८९

"काकाजी, चांद्याले आणा ना. एकच फोटो. या जुन्या कॅमेऱ्यानं, तुमचा भरवसा आहे तसल्या."

"जुपाचा नाई मी."

"जुपू नका तं. फोटोपुरता. चार वर्षांत त्याच्या बाजूनं एक बी फोटो नाई काढला मी. दरवेळी भोवऱ्याकडूनच."

ते त्यांना लागलं. "ते तं आहेच," म्हणाले. "काळ्याले पाह्यते सारे. चांद्याले कोन विचारते." आणि चहा अर्धा टाकून बैल आणायला गेले.

ओळ ३३३३

चांद्या आला. चार वर्षांची सवय, जू दिसल्यावर आपणच डावीकडे जाऊन उभा राहिला. भोवऱ्यानं त्याच्या मानेला एकदा नाक लावलं. मोठेबाबांनी वखराचा बैल सोडून जू चांद्याच्या मानेवर ठेवलं. रूपराव काकाजी दुसरीकडे पाहत होते.

मी बाजू बदलली. डावीकडे गेले, चांद्याच्या अंगाला. जुना कॅमेरा एका जागी रोवला, शटर बंद केलं. पटात केलं होतं तसंच, हुबेहूब. जोडी सुटली. धुळीसकट समोरून गेली. कॅमेऱ्याचा आवाज आला नाही.

फोटोत बांधावरचा विजेचा खांब सरळ होता.

चांद्याचा डावा पाय वाकडा होता.

ओळ ३३३४

रूपराव काकाजींनी फोटो जवळून पाहिला. कॅमेरा माझ्या हातात परत दिला, चांद्यापाशी गेले, उकिडवे बसले. गुडघा दाबला, नळी दाबली, खूर उचलून पाहिला. चांद्यानं शेपटी त्यांच्या तोंडावर मारली.

"याले तं काई नाई झालं," ते म्हणाले.

"अन् त्याले काय झालतं?" मोठीआई बांधावरून म्हणाली.

मग मोठेबाबा हसले. मग काकाजींच्या मिशा हलल्या.

मी त्यांना चाक दाखवलं, अंड्याच्या आकाराचं. ओळींचं सांगितलं, वरची आधी, खालची नंतर. ते म्हणाले, "म्हणजे खांदा आला तवा खूर येऊन राह्यला होता." इतक्या थोडक्यात मला अंकितनंही कधी सांगितलं नव्हतं.

"पण तो पटातला फोटू काढला कोनं?" त्यांनी विचारलं. "खांबापाशी तं दहा कॅमेरेवाले होते. पन्नास लोकाइनं याले विचारलं. म्हणे, मले याद नाई."

मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते जू सोडत होते, पाठ आमच्याकडे करून.

काकाजींच्या लेकीचं, दिपालीचं लग्न मे महिन्यात आहे. फोटोंचं काम माझ्याकडे आहे. मोठेबाबांना ते माहीत होतं. जोडी तुटली, ग्रुपवर बैलाची नाचक्की झाली, आणि हा माणूस पन्नास जणांना सांगत राहिला की मला याद नाही.

"मी काढला, काकाजी."

"तू?"

"शटर वाचवत होते. चूक माझी."

खांदा एका क्षणी, खूर दुसऱ्या क्षणी, तसा त्यांचा चेहरा वरून खाली बदलत गेला.

"अन् माह्या दिपालीच्या लग्नात नवरदेवाचे पाय वाकडे काढशीन काय?"

"तो पळत सुटला तरच."

"नाई पयणार. मी पाह्यला आहे त्याले. बसल्या जागेवरून उठत नाई."

ओळ ३७०२

ते गेल्यावर मी मोठेबाबांजवळ गोठ्यात गेले. भोवऱ्याच्या पायाला अजून तेलाचा वास येत होता.

"मोठेबाबा, इतके दिवस हात फिरवला पायावर. हाताले काय लागलं?"

"चांगला लागला."

"मग?"

"फोटू तू काढला होता ना."

मी वाकले आणि त्यांच्या पायाला हात लावला. आम्ही असं सणालाच करतो. ते गोंधळले. "काय झालं वं? आज काय आहे?"

ओळ ३७९०

संध्याकाळी पटाच्या ग्रुपवर आधी चांद्याचा वाकडा फोटो आला. खाली रूपराव काकाजींनी स्वतः टाइप केलेलं: कॅमेऱ्याची गलती होती, दोनी बैल बराबर आहे. मग लगेच दुसरा मेसेज:

चंद्रभान-रूपराव, अल्लीपूर. नाव लिहून घेजा.

ओळ ३९९९

रविवारी मी अंकितला दुसरा परत दिला. पहिला ठेवला.

"स्लोवाला?" तो म्हणाला. "ताई, सारे फास्टवाला घेऊन राह्यले."

बरोबर आहे त्याचं. एलईडीच्या झगमगाटात फोटोवर पट्टे येत नाहीत, मंगलाष्टकांत खट् होत नाही, लग्नाला दुसराच सोयीचा. ते मी मांडून पाहिलं, आणि मग असंही मांडलं: पाय सरळ ठेवणं माझ्या हातात आहे, शटर आहे, ते पडू द्यायचं. पण काळ्यात बुडालेला भोवरा नंतर कुठून आणणार?

जुना कॅमेरा विकला नाही. खरं सांगणारा म्हणून नाही, तो कधीच खरं सांगत नव्हता. दोन्ही बैलांशी सारखंच खोटं बोलला, म्हणून ठेवला आहे.

ओळ ४०००

तळेगावच्या पटात मी शेवटच्या खांबापाशी उभी होते. एक काळा, एक पांढरा, दोघं धुळीतून येत होते.

खट्.