दुसरी फाती

"वयनी, दुसरी फाती खंय माळतस गो? तुजो घोव दर बुधवारी अबोलीच्यो दोन फात्यो व्हरता," गजरे विकणारी गंगा बसमध्ये म्हणाली आणि हसली.

विमलाही हसली. घरी मात्र एकच गजरा येत होता.

तिचा नवरा कृष्णनाथ खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक भंगारात गेला. तेव्हापासून तो धारगळला हायवेच्या कडेला नारळ विकत बसे. बुधवारी तेवढा डिचोलीच्या बाजाराला जाई. आता विमलाला त्या बाजाराचं सगळंच खटकू लागलं. इस्त्रीचा शर्ट घालून जाणं, एकच बाही मळवून परतणं.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, तनयाचा फोन आला. ती तिथे कृष्णविवरांचा अभ्यास करत होती. विमलाला तोही प्रकार संशयास्पदच वाटे.

"दिसना नाय म्हणतस, मगे तां आसा म्हणान कळता कसां?"

"भोवतणचे तारे बघूचे, आई. रिकाम्या जाग्याभोवती ते फिरत आसले, की वळखूचां. आपल्या आकाशगंगेच्या मधीं पण आसा एक."

"आनी तां आमकां गिळतलां?"

"नाय गे. फार जवळ गेल्यार गिळता. जरा लांब आसलेल्यांक नुसतां फिरयत रवता."

"समाजलां," विमला म्हणाली. तिला नवरा समजला होता.

पुढच्या बुधवारी ती मागच्या बसने डिचोलीला गेली. कृष्णनाथ दोन गजरे घेऊन बाजाराबाहेर पडला आणि भंगारवाल्याच्या आवारात शिरला. विमला कुंपणाच्या पत्र्याआड थांबली. ती कोण आणि दिसते कशी, एवढंच तिला बघायचं होतं.

आत त्यांच्या ट्रकची केबिन होती. चाकं नाहीत, इंजिन नाही. कपाळावर पिवळ्या अक्षरांत 'तनया'. कृष्णनाथने एक गजरा नावाखाली अडकवला, शर्टाच्या बाहीने पुढची काच पुसली आणि वर चढून बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. भंगारवाल्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

विमला आल्या वाटेने परतली. रात्री त्याने आणलेला गजरा तिने माळला, विचारलं काही नाही.

पुन्हा बुधवार आला तेव्हा त्याच्या पिशवीत तिने एक जुनं, धुतलेलं फडकं ठेवलं.

"ह्यां कित्याक?"

"काचेक. शर्टाच्या बाहीचो मळ जाता जायना."

कृष्णनाथ दारातच थांबला. मग त्याने फडकं बाहेर काढलं, पुन्हा नीट घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

"बस चुकतली," विमला म्हणाली.