वुरन मंदावतो तेव्हा

लिओनार्डनं तरुणपणी सोळा वर्षं कॅथरीन गावाच्या पश्चिमेला घोड्यावरून गुरं राखली. उघड्यावर झोपणाऱ्याला आकाश पाठ होतंच, त्यात तो तिथल्या मूळच्या वारदामन जमातीचा. वुरन तारा कोणता, हे आईनं त्याला बोटानं दाखवलेलं. वुरन म्हणजे बाळ. जमातीच्या जुन्या गोष्टीत गवाल्यानला, त्या काटेरी मुंगीखाऊला, पाणी देणारा छोटा मासा.

हा तारा दर पाचव्या रात्री मंदावतो, असं त्यानं एकदा सोबत्यांना सांगितलं. ते पोट धरून हसले आणि त्याचं नाव 'पाचव्या' पाडून मोकळे झाले. वडील मात्र हसले नाहीत. पाहिलंस ते पाहिलंस, पण जुन्या गोष्टीत आपलं काही घुसडू नकोस, एवढंच म्हणाले. त्यानंतर चाळीस वर्षं लिओनार्डनं तो विषय काढला नाही.

यंदा ऑक्टोबरात त्याची भाची मर्लीन, ती राष्ट्रीय उद्यानात रेंजर आहे, दुर्बीण घेऊन आलेल्या एका बाईंना मुलूख दाखवत होती. जेवताना मर्लीननं वुरन दाखवला, तेव्हा बाई सहज बोलून गेल्या की वुरन एक नाही. दोन तारे एकमेकांना खेटून फिरतात आणि दर चाळीस तासांनी एक दुसऱ्याला झाकतो. मर्लीननं मनात हिशेब केला. तीन फेऱ्या म्हणजे एकशेवीस तास. बरोबर पाच दिवस, रात्रीची पुन्हा तीच वेळ. मामाला 'पाचव्या' का म्हणत, हे तिनं घरात ऐकलं होतं.

सकाळीच तिनं मामाचं घर गाठलं. "मामा, वुरन आता कधी मंदावणार?"

थट्टा तर नाही ना, म्हणून त्यानं तिला निरखलं. "परवा. जेवणं आटोपली की."

"म्हणजे तू अजून मोजतोस?"

"बोलणं सोडलं गं. बघणं कशाला सोडू?"

तिसऱ्या दिवशी दोघं अंगणात बसली. वुरनशेजारी एक बारीक तारा असतो, त्याच्यावर नजर ठेव, असं मामानं सांगितलं. आधी वुरन त्याच्याहून चांगला ठसठशीत होता. चहा निवला. मग दोन्ही तारे सारखे दिसू लागले. आणि मग, ढगाचा पुंजकाही नसताना, वुरन त्याच्याहूनही फिका पडला. बाईंनी सांगितलेलं मर्लीननं हळू आवाजात मामाला सांगितलं.

लिओनार्डनं पुन्हा वर बघितलं.

"दोघं आहेत म्हणतेस," तो म्हणाला. "म्हणजे बाळाला सोबत होती."

तारा पुन्हा उजळायला अजून अवकाश होता. दोघांनी अंथरुणं बाहेरच टाकली.