ला ग्वासिमाची धर्ममाता

ओफेलियानं खिडकीतून "आलेच!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा तिच्या डोक्याला अजून टॉवेल गुंडाळलेला होता. एरेंदिरानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मागच्या सीटवर उबाल्दो येऊन बसला होता खरा, पण तो काही वेळेवर आला म्हणून नव्हे. एरेंदिरानं त्याच्या घरात शिरून, हातातला कॉफीचा कप काढून घेऊन त्याला गाडीत कोंबलं होतं.

"चिडू नकोस गं," तो म्हणाला. "बायकांना वेळ लागतोच."

"मग मी कोण आहे?"

"तू दातांची डॉक्टर आहेस."

शाळेपासूनची ही चौकडी. एरेंदिराचा कोलिमा शहरात दवाखाना, ओफेलियाचं पार्लर, उबाल्दो शाळेत मुलांना गाणं शिकवतो. चौथी ग्रिसेल्दा. ती निकानोर नावाच्या मच्छीमाराशी लग्न करून दक्षिणेला मिचोआकानच्या किनाऱ्यावर, ला ग्वासिमा नावाच्या लहानशा गावात जाऊन राहिली. तिच्या लग्नाला हे तिघं पोहोचले तेव्हा नवरा-नवरी चर्चमधून बाहेर पडून जेवायलासुद्धा बसली होती. तिची आई गेली तेव्हा पोहोचले, तर माती देऊन लोक घरी परतत होते. दोन्ही वेळेला गाडी एरेंदिराची होती आणि दोन्ही वेळेला ती पहाटेपासून तयार होऊन या दोघांच्या दारात ताटकळत बसली होती.

आता चाळिशी उलटल्यावर, सगळ्यांनी आशा सोडून दिल्यावर, ग्रिसेल्दाला मुलगी झाली होती. तिनं फोन करून एरेंदिराला विचारलं होतं, "हिची धर्ममाता होशील?"

धर्ममाता होणं म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराला हातात धरून फोटो काढून घेणं नव्हे. त्या दिवसापासून लेकराची आई आणि धर्ममाता एकमेकींच्या कोमाद्रे होतात. नावानं हाक मारणं संपतं. भांडायचं झालं तरी 'कोमाद्रे' म्हणूनच भांडायचं. सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकता येतं, कोमाद्रेशी टाकता येत नाही. एरेंदिराला ना भाऊ ना बहीण, लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, आणि आई-वडील गेल्यावर घरात तिला 'तू' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती दवाखान्याचं दार आतून लावून रडली होती. मग बाप्तिस्म्याआधी चर्चमध्ये धर्ममातांना जी प्रवचनं ऐकावी लागतात ती ऐकायला गेली, बाळासाठी पांढरा रेशमी झगा शिवून घेतला, आणि मग, काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, या दोघांना म्हणाली, "चला, सगळे मिळून जाऊ."

"पण नीट ऐका," तेकोमान गाव मागे पडून समुद्र दिसायला लागल्यावर ती म्हणाली. "बाप्तिस्मा बारा वाजता आहे. त्या गावात पाद्री महिन्यातून एकदा येतो. आला की असतील नसतील तेवढी लेकरं उरकतो आणि पुढच्या गावाला जातो. उशीर झाला तर संपलं."

ओफेलियानं आरशात बघून एका डोळ्याला काजळ घातलं. "म्हणजे दोन वाजता."

"बारा!"

"एरे, तू आम्हाला गेली वीस वर्षं दोन तास आधीची वेळ सांगतेस. सिनेमा सहाचा असला की चारचा सांगतेस. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

"या वेळी खरी सांगतेय!"

"असं तू दर वेळी म्हणतेस," उबाल्दो मागून म्हणाला, आणि ते दोघं असे हसले की एरेंदिराच्या अंगाचा तिळपापड झाला. बरं, बोलायची सोय नव्हती. वेळ खोटी सांगण्याची सवय तिचीच होती.

मग सुरू झालं. शहाळी दिसली, थांबा. शहाळं पिऊन झालं, आता आतली मलई मीठ-लिंबू-तिखट लावून खाऊ, थांबा. ओफेलियाला उंच कड्यावरून फोटो हवा, थांबा. फोटोत केस उडाले, परत काढा. एका गावात लोकांनी रस्त्यावर आडवा दोर धरला होता, चर्चच्या छपरासाठी वर्गणी हवी होती. पाच पेसो देऊन पुढे जायचं, तर उबाल्दोनं खाली उतरून त्यांना छपराला कौलं बरी की पत्रा यावर सल्ला दिला. एरेंदिरा गाडीतून दात-ओठ खात बघत राहिली.

समुद्राकाठच्या झावळ्यांच्या खोपटात मासे भाजण्याचा वास आला तेव्हा तिनं गाडीचा वेग वाढवला, पण उबाल्दोनं "मला चक्कर येतेय" अशी आवई उठवली. चक्कर त्याला कसली येते? टेबलाशी बसल्याबरोबर त्यानं आख्खा मासा मागवला.

"आख्खा कशाला? तुकडे माग, लवकर होतील!"

"तुकड्यांना चव नसते. काय हो ताई, किती वेळ लागेल?"

"हा काय, आत्ता देते," ताई म्हणाल्या आणि जाळं घेऊन निघालेल्या नवऱ्याच्या मागे पाण्याकडे चालू लागल्या. मासा अजून समुद्रात होता.

एरेंदिरानं दोन्ही हात टेबलावर आपटले. "तुम्हाला माहितीये का, मी हे किती मनावर घेतलंय? मला या मुलीची धर्ममाता व्हायचंय. मला ग्रिसेची कोमाद्रे व्हायचंय. मला दुसरं काही नकोय आयुष्यात, समजलं?"

दोघं जरा चपापले. ओफेलियानं तिचा हात हातात घेतला. "अगं वेडे, होशीलच की. दोन वाजेपर्यंत आरामात पोहोचतो आपण."

मासा मात्र उत्तम होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

फाट्यावर पाटी पडून गेलेली. एरेंदिराला ग्रिसेल्दानं फोनवर रस्ता सांगितलेला होता: पूल ओलांडून पपईच्या बागेनंतर उजवीकडे. पण उबाल्दोचा स्वभाव असा, की त्याला स्वतःच्या घराचा पत्ताही चौघांना विचारल्याशिवाय चैन पडत नाही. त्यानं काच खाली करून लिंबं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला हाक मारली. "बाबा, ला ग्वासिमा कुठून?"

इथंच घोडं पेंड खातं. या किनाऱ्यावर कुणी कुणाला 'मला माहीत नाही' असं म्हणत नाही. वाटसरूनं एवढ्या आशेनं विचारावं आणि आपण त्याला रिकाम्या हातानं पाठवावं, हे वाईट दिसतं. म्हाताऱ्यानं टोपी काढली, थोडा विचार केला आणि डावीकडे हात केला. "सरळ, सरळ, सरळ. मोठी चिंच लागेल. तिथून जवळच."

"ग्रिसे उजवीकडे म्हणाली होती," एरेंदिरा म्हणाली.

"अगं, तो इथला माणूस आहे! इथल्या माणसाला जास्त कळतं की तुला?" ओफेलिया म्हणाली.

आणि एरेंदिरानं, घड्याळाकडे बघून जीव टांगणीला लागलेला असताना, वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून डावीकडे गाडी वळवली. चिंच लागलीच नाही. सरळ, सरळ, सरळ गेल्यावर रस्ता केळीच्या बागेत शिरला, बागेतून वाळूत उतरला आणि गाडीची मागची चाकं रुतून बसली. साडेअकरा वाजले होते.

एरेंदिरा खाली उतरली. एवढा वेळ ती ओरडत होती, आता तिला ओरडताही येईना. ती नुसती चाकाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बघून ओफेलिया पहिल्यांदा घाबरली.

"म्हणजे... खरंच बारा?"

"खरंच बारा."

"मेले! तू आम्हाला शपथ घेऊन सांगायचंस ना!"

तेवढ्यात बागेतून केळ्यांचे घड लादलेला एक ट्रक धुरळा उडवत आला. ओफेलिया उंच टाचांच्या चपला हातात घेऊन त्याला आडवी गेली. ड्रायव्हर म्हणाला, ला ग्वासिमावरूनच जातोय, पण पुढे एकाच माणसाची जागा आहे.

"तू जा!" ओफेलिया एरेंदिराला म्हणाली.

"आणि गाडी कोण काढणार? तुला चालवता येत नाही, आणि हा पुन्हा कुणाला तरी रस्ता विचारेल." एरेंदिरानं मागच्या सीटवरून झग्याचा खोका काढून तिच्या हातात दिला. "तू पुढे हो. बाळाला हा घालायला सांग. फादरच्या पाया पड, रड, बेशुद्ध पड, काय वाटेल ते कर, पण त्यांना धरून ठेव. मी आलेच मागून."

"माझ्यावर सोड," ओफेलिया म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.

एरेंदिरानं चाकांखालची वाळू हातांनी उकरली. उबाल्दोनं केळीची पानं आणून चाकांखाली घातली, आणि मधेच एका मोटरसायकलवर नटूनथटून चाललेलं जोडपं थांबलं. "दादा, ला ग्वासिमा कुठून?" मागच्या बाईनं विचारलं.

उबाल्दो सरळ उभा राहिला, हात झटकले आणि पुढच्या केळीच्या गर्दीकडे बोट केलं. "सरळ, सरळ. तिथून जवळच."

जोडपं आभार मानून निघून गेलं.

"तुला माहितीये का ला ग्वासिमा कुठे आहे?" एरेंदिरानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"अगं, त्यांनी एवढ्या आपुलकीनं विचारलं!"

तिनं त्याच्या अंगावर मूठभर वाळू फेकली. पण गाडी निघाली. मागे फाट्यावर येऊन, पपईच्या बागेनंतरचा ग्रिसेल्दानं सांगितलेला रस्ता धरल्यावर गाव लागलंच.

चर्चच्या अंगणात पोरं गुडघ्यांवर बसून धूळ चाळत होती. एकाच्या मुठीत नाणी होती. बाप्तिस्मा झाला की धर्ममाता दारात उभी राहून पोरांवर नाणी उधळते. एरेंदिरा गाडीतून उतरली आणि तिथंच उभी राहिली, कारण आत जाऊन काही विचारायची गरज उरली नव्हती.

दारातून ओफेलिया धावत आली. पायांत चपला नव्हत्या, केसांत केळीच्या पानाचं फाटकं टोक अडकलं होतं आणि काजळ दोन्ही गालांवर ओघळलं होतं. "एरे, ऐक, मी काय करणार होते? मी आत पोहोचले तेव्हा बाकीची लेकरं उरकली होती. मी पाया पडले, रडले. फादरनी विचारलं, हिची धर्ममाता कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. झगा माझ्या हातात!"

"मग म्हणायचंस ना, एरेंदिराच्या वतीनं उभी आहे म्हणून!"

"फादरनी नाव विचारलं, मी माझं सांगितलं. चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलू?"

"तू एकही प्रवचन ऐकलेलं नाहीस!"

"ते म्हणाले, चालेल."

उबाल्दो एरेंदिराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे गं. पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला जी केकचा खर्च उचलते तिलाही धर्ममाताच म्हणतात, ती तू हो." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं जेवणाच्या मांडवाकडे निघून गेला.

मांडवात निकानोरनं ताडी वाटली, कुणीतरी गिटार आणली, उबाल्दोनं गायला सुरुवात केली. एरेंदिरानं पानातलं कोळंबीचं कालवण इकडून तिकडे ढकललं. मग स्वयंपाकघराच्या दारातून ग्रिसेल्दाची हाक आली, "कोमाद्रे, एरेंदिराला भाकरी वाढा ना, तिच्या पानात काही नाहीये." आणि ओफेलिया लगबगीनं मक्याच्या भाकऱ्यांची टोपली घेऊन आली.

भाकरी तशीच ठेवून एरेंदिरा उठून स्वयंपाकघरात गेली. ग्रिसेल्दा मोरीशी पाठमोरी भांडी घासत होती. बाळ पाटीत कापडावर झोपलं होतं, अंगात तोच झगा.

"तू फादरना थोडं थांबवायला हवं होतंस," एरेंदिरा म्हणाली. "मी रस्त्यातच होते."

ग्रिसेल्दानं पातेलं विसळलं. "ते थांबायला तयार होते. त्यांनीच विचारलं, अजून कुणी यायचंय का? मी म्हटलं, नाही, सुरू करा."

"तू म्हटलंस?"

"लग्नात तुमच्यासाठी थांबले. आईच्या वेळी लोक नको म्हणत असताना पेटीचं झाकण उघडं ठेवून थांबले, तुम्हाला तिचं तोंड बघता यावं म्हणून. आज नाही थांबले."

"पण ग्रिसे, मी कधी उशीर करते? मी पहाटेपासून तयार असते! हे दोघं—"

"माहितीये मला." ग्रिसेल्दानं हात पुसले आणि पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "म्हणून तर तुला विचारलं. ओफेलियाला नाही विचारलं. मला वाटलं, माझ्या मुलीसाठी तरी तू त्यांना सोडून येशील."

आयुष्यभर एरेंदिरा या दोघांच्या नावानं खडे फोडत आली होती, आणि त्यांना मागे टाकून निघून जावं हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ओफेलिया मात्र त्यांना मागे टाकून पुढे निघून गेली होती, म्हणजे एरेंदिरानंच तिला तसं पाठवलं होतं. एकाच माणसाची जागा होती आणि ती तिनं आपल्या हातानं देऊन टाकली होती, गाडीसाठी.

"मी गाढव आहे," ती म्हणाली.

"आहेस," ग्रिसेल्दा म्हणाली आणि वाकून बाळाच्या अंगावरचा झगा सरळ केला.

बाहेरून ओफेलियाची हाक आली. "एरे! चल की! अंधारात तो वळणांचा रस्ता नको, उद्या सकाळी माझ्याकडे नवरीचा मेकअप आहे! उबाल्दो कधीचा गाडीपाशी उभा आहे!"

"जा," ग्रिसेल्दा म्हणाली. "थांबलेत ते तुझ्यासाठी."

एरेंदिरानं पाटीशी खाली बसून बाळाला उचललं, कुणाचंही बाळ उचलावं तसं, मानेखाली हात घालून. बाळानं डोळे किलकिले केले आणि परत मिटले.

"थांबू देत," ती म्हणाली. "हिचं नाव काय ठेवलंत, ते तरी सांग मला."