दहाचा आकडा

रतिलालशेठचा अंगठा पाहिला की समीक्षाला किळस यायची. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत ते अंगठा जिभेला लावायचे आणि त्याच ओल्या अंगठ्यानं औषधांच्या पिशव्या उघडायचे. अमळनेरच्या बस स्टँडसमोरच्या त्या मेडिकलमध्ये ती फार्मासिस्ट म्हणून लागून दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात तिनं आपला डबा एकदाही तिथल्या काउंटरवर उघडला नव्हता.

पण अंगठा एक वेळ परवडला. शेठची मान जास्त किळसवाणी होती. गिऱ्हाईक काहीही म्हणो, ती डोलायचीच.

त्या सोमवारी मोगराबाई आल्या. साठी उलटलेली बाई, जवळच्या खेड्यातून महिन्यातून एकदा एसटीनं यायची, सोबत सून हेमलता. बीपीसाठी त्या इनालाप्रिल घ्यायच्या, दहा मिलिग्रॅमची, रोज एक. वाचता येत नव्हतं, पण आकडे कळायचे. रिकामं पाकीट पुढे करून त्या दहावर बोट ठेवायच्या. नेमकी ती गोळी आठवडाभर येत नव्हती. समीक्षानं त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, रामिप्रिल द्या, अडीचची. औषध त्याच गटातलं, पण चौपट तेज. याचे अडीच म्हणजे त्याचे दहा.

मोगराबाईंनी नवं पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि काउंटरवर आपटलं.

"मी दहानी गोयी खास, नी हाई अडीचनी? गरीब दखीसन फसाडतस का?"

"अक्का, भाजीत लवंगी मिरची एकच टाकता ना? ढोबळी मिरची टाकावी तशा चार टाकाल का? ही गोळी लवंगी आहे."

मोगराबाईंचं तोंड वाकडंच राहिलं. मागे रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढ्यात शेठ उठले, फळीवरून रामिप्रिलचंच दुसरं पाकीट काढलं आणि तोंडभरून हसत म्हणाले, "अक्का, दहानीच ल्या. आठे बठ्ठं मियस." इथे सगळं मिळतं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं.

"शेठ, हे चौपट होईल, बीपी एकदम खाली जाईल," समीक्षा त्यांच्या कानाशी पुटपुटली.

"मॅडम, गट तोच, आकडा तोच. बाई समोरच्या दुकानात गेली म्हणजे?"

पाकीट हिसकावून घ्यायला हवं होतं. पण त्या आठवड्यात तीनदा वाद घालून झाला होता, तिन्ही वेळा तीच हास्यास्पद ठरली होती, आणि रांग दारापर्यंत गेली होती. मरू दे, असं तिच्या मनात आलं; अगदी याच शब्दांत आलं. तिनं बिलबुक ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: रामिप्रिल १०, तीस गोळ्या. मोगराबाई खुशीत गेल्या.

पुढच्या सोमवारी हेमलता एकटीच आली. डोळे सुजलेले, हातात ते पाकीट.

"सासू शुक्रवारले सकाये उठनी नी डोयासमोर अंधारी उनी. ओटावरथून पडनी. डोकं फुटनं. धुळाले दवाखानामा शे. तीन दिन व्हयनात, डोया उघाडस नई." तिनं पाकीट काउंटरवर ठेवलं. "तठला डॉक्टर इचारतस, हाई गोयी कोनी दिन्ही?"

शेठची सुपारी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली. "आम्ही तर अडीचचीच देत होतो. विचारा मॅडमना! तुमच्या सासूबाईंनीच हट्ट धरला."

त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि म्हणूनच समीक्षाला त्याची किळस आली. पण त्या किळसेखाली कुठेतरी, दोष आपल्यावर आला नाही म्हणून, तिला हायसंही वाटलं, आणि ते वाटल्याचं तिला कळलं. तिनं कागदावर औषधाचं नाव, दहाचा डोस, किती दिवस घेतलं ते सगळं धुळ्याच्या डॉक्टरांसाठी लिहिलं. कागद देताना तिनं हेमलताच्या हातावर हात ठेवला.

"तुमले ठाऊक व्हतं ना, ताई?"

"हो. मी शेठना सांगितलं होतं, हे जास्त होईल म्हणून."

"शेठना कानमा सांगं." हेमलताचा आवाज चढला नाही. "मनी सासूले काबर नई सांगं, का हाई खाशी ते पडशी? ती ते तुमना समोरच उभी व्हती."

रांग होती, असं समीक्षा म्हणू शकली असती. ते शब्द तोंडाशी आले आणि तिचे तिलाच घाण वाटले.

हेमलतानं तिच्या हाताखालून आपला हात काढून घेतला, पदराला पुसला, आणि कागद घेऊन ती धुळ्याच्या गाडीकडे गेली.