कॉलरचा माईक

टीव्हीवर गाजलेला विनोदी नट कृष्णात सत्काराला गावी आष्ट्याला येणार म्हटल्यावर सिद्धूनं कुपवाडच्या कारखान्यात रजा टाकली.

"आवं, तुमचं काय काम तिथं?" मंगलनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"त्याच्यासंगं जुनी नक्कल करायचीय. त्याचाच फोन आलाय."

"आन् तुमी व्हय म्हणालासा? आमचं मामंजी मरेस्तवर त्याला शिव्या घालत हुतं!"

सिद्धू हसत पिशवी भरू लागला.

पूर्वी गावच्या गणपतीच्या मंडपात दोघांनी ती नक्कल बसवली होती. हरवलेली शेळी शोधणारा म्हातारा. सिद्धू विचारायचा, "शेळी कुठाय, आजा?" आणि म्हातारा झालेला कृष्णात हातातल्या मोकळ्या दोरीकडं बघतच राहायचा. लोक हसून लोळायचे. ती चाल, ते थांबणं सिद्धूच्या बापाचं, तात्याबाचं. सिद्धूनंच ते कृष्णातकडून घोटून घेतलं होतं. पुढं कृष्णात एकटा मुंबईला गेला, त्याच म्हाताऱ्यावर घराघरांत पोचला आणि दर मुलाखतीत सांगू लागला, "हे पात्र मला असंच सुचलं." टीव्हीपुढं बसलेला तात्याबा म्हणायचा, "माझं नाव घ्यायला काय झालं रं ह्याला?"

चौकातल्या सत्काराच्या स्टेजमागं कॉलरचा माईक सिद्धूनंच कृष्णातच्या सदऱ्याला लावला. अडलं की कृष्णात जोडीदाराशी कुजबुजायचा, ही त्याची जुनी खोड सिद्धूला ठाऊक होती. स्टुडिओत तेवढं कापून टाकत. इथला स्पीकरवाला मात्र एकदा माईक चालू केला की लोक उठेपर्यंत बटणाला हात लावत नसे.

शाल-नारळ झालं. कृष्णात दोरी घेऊन आला, मागोमाग सिद्धू. टाळ्या पडल्या. सिद्धू प्रश्न विचारेना. म्हाताऱ्यानं फेरी मारली, आणखी एक मारली. पुढच्या खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. कृष्णातला घाम फुटला. तोंड फिरवून तो पुटपुटला,

"विचार की रं गड्या! तुझ्या बाचीच नक्कल हाय, तूच शिकवलीस, आता माझी इज्जत घालवतोस व्हय?"

सगळ्या कर्ण्यांतून ते चौकाबाहेर गेलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी टीव्हीवर थापा मारत हुतास व्हय रं?" आणि असा हशा उसळला, जसा कृष्णातला कधीच मिळाला नव्हता.

सिद्धूनं तो पुरता ओसरू दिला. मग शांतपणे विचारलं,

"शेळी कुठाय, आजा?"

कृष्णात हातातल्या दोरीकडं बघत राहिला. अगदी तात्याबासारखा.