आईच्या बोटातली कूर्चा

मित्रांनो, एकदा मूठ मिटा आणि उघडा. हाडावर हाड घासलं का? नाही ना? ती करामत माझ्या जातीची. मी एका आईच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी, हाडाच्या टोकावर गादीसारखी बसलेली जुनी कूर्चा आहे. एके काळी शुभ्र होते, गुळगुळीत होते. ज्या दयाळू हातांनी मला घडवलं, त्यांनी मला रक्तवाहिनी दिली नाही, की वेदना कळवणारी तारही दिली नाही. सांध्यातल्या ओलाव्यावर मी जगले. बोट हललं की तो ओलावा माझ्यात झिरपायचा. काम हेच माझं जेवण.

आणि काम तरी कसलं! आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद दुमडायची, खळ लावायची. पण माझं खरं काम संध्याकाळी, घरी. तिची मुलगी जन्मापासून बहिरी. मायलेकी हातांनी बोलायच्या. आईची बोटं गोष्ट सांगू लागली की मुलीचा घास हातातच राहायचा. देवाचं नावसुद्धा मी घेतलं आहे मित्रांनो, जीभ नसताना.

मग एका सकाळी बोटं ताठ झाली, सांधे सुजले. कारखान्यातल्या मुकादमबाई म्हणाल्या, "अगं, खळीत हात घालणाऱ्यांचं असंच होतं. माझी बोटं बघ, नुसती लाकडं! सरसाच्या गरम भांड्यावर शेक, सुटतील." तिथल्या सगळ्याच बायका तसं मानत. आईनेही मानलं. थोडा शेक, एखादी दुखण्यावरची गोळी, की पुन्हा कामाला. असे महिने गेले.

आत काय चाललं होतं, ते मी भोगत होते. जंतूंशी लढणारे शरीराचे शूर पहारेकरी सांध्यात उतरले होते. जंतू तर एकही नव्हता! त्यांनी आम्हालाच शत्रू ठरवलं. रसायनांचे सांगावे धाडून आणखी सोबती बोलावले. सांध्याचं मऊ अस्तर सुजून माझ्या अंगावर चढलं, त्यातून पाझरणारे रस मला कातरू लागले. आणि जिव्हारी लागलं ते वेगळंच. त्या सांगाव्यांनी माझ्या स्वतःच्या पेशीही फिरल्या, मलाच कुरतडू लागल्या. दुखत होतं ते अस्तराला, हाडाला. मला ओरडताही येत नव्हतं.

एकदा मुलीने हातांनी थट्टा केली, "आई, तू बोबडी झालीस!" आई पोट धरून हसली. मग भांडी घासताना रडली. दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "ताई, खळीचा यात काही दोष नाही. तुमच्याच शरीराचे रक्षक तुमचे सांधे खातायत. औषधाने त्यांना आवरू. पण झिजलेली कूर्चा परत येत नाही. पहिल्या सुजेलाच यायचं होतं."

"ते राहू द्या डॉक्टर. मला बोलता येईल ना?"

"बोलायला काय झालंय? चांगलं बोलताय की!"

आईने नुसते हात वर केले. शेजारी बसलेली मुलगी ते वाचायला पुढे झुकली. डॉक्टरांनी मग एक्स-रे खाली ठेवला आणि आईची बोटं हातात घेतली.

औषध लागू पडलं. पहारेकरी निवले, सूज ओसरली. माझा मात्र एक कपटा तेवढा उरला आहे, आणि बोट वाकडं ते वाकडंच.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची बोटं सकाळी बराच वेळ ताठ राहत असतील, सांधे सुजत असतील, तर कामाला बोल लावून थांबू नका. आम्ही शाबूत आहोत तोवर त्यांना डॉक्टरांकडे न्या. आमची हाक तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही.

अजूनही जेवताना आई गोष्ट सुरू करते. मध्येच हात अडतो. ती तोच शब्द पुन्हा करते, पुन्हा करते. मुलगी टक लावून बघते आणि मग हसून मान डोलावते, कळलं म्हणून. आईचा चेहरा उजळतो.

मुलीला काही कळलेलं नसतं. बोट सरळ झालंच नव्हतं, हे मला ठाऊक असतं.