फुग्याची दोरी

दुपारचे तीन वाजले होते, पाचपर्यंत शेवटचं चित्र पाठवायचं होतं, आणि ती स्वतःच्या उजव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत बसली होती.

मुलांच्या पुस्तकातली तेवीस चित्रं झाली होती. चोविसाव्यात एक मुलगी होती, वर फुगा होता, आणि मुलीच्या मुठीपासून फुग्यापर्यंत वीतभर दोरी तेवढी काढायची राहिली होती. बारीक ब्रशने, शाईने, एका दमात. शाई खोडता येत नाही. दोरी वाकडी गेली की दोन दिवसांचं चित्र कचऱ्यात, आणि पुस्तक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. संपादकबाईंनी तसं अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

हात थरथरत होता. थोडासाच, पण दोरी बिघडवायला तेवढं पुष्कळ होतं.

कारण तिला ठाऊक होतं. कॉफी. गेल्या महिन्यात कामाच्या धांदलीत दिवसाला आठ-आठ कप पोटात जायचे. मग तिने शहाण्यासारखा नियम केला, दिवसाला तीन कप आणि बास. कप आला की टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेन्सिलीची एक रेघ मारायची. आज पट्टीवर चार रेघा होत्या.

"चार कशा?" तिने हाक मारली. "मी तर तीनच ओढल्या."

"चौथी माझी," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. कॉफी करायचं खातं त्याच्याकडे होतं. "बारा वाजता कप ठेवला तेव्हा तू ओढायची विसरलीस."

"मी नंतर ओढली असेल ना."

"मग तीनच कप झाले."

"ओढली नसेल तर?"

"तर चार."

"अरे, कप करणारा तू. तुला आठवत नाही?"

"पिणारी तू. तुला आठवतंय का?"

तिला आठवत नव्हतं. आठ दिवसांच्या जागरणाने डोक्याचा पार भुगा झाला होता. पण तीन असोत की चार, दोष कॉफीचाच, आणि खरं सांगायचं तर या विचाराने तिला बरं वाटत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. अंगण वाकडं असलं तर सरळ करता येतं.

कारण पलीकडच्या खोलीत तिचे बाबा होते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची अक्षरं अशी, की लोक रस्ता ओलांडून बघायला यायचे. पन्नाशीच्या आत त्यांचा हात थरथरायला लागला, पुढे पाट्या सुटल्या, आणि आता त्यांना कप अर्धाच भरून द्यावा लागतो आणि तो ते दोन्ही हातांनी धरतात. तिला नुकतं सेहेचाळिसावं लागलं होतं. या दोन गोष्टी ती कधी शेजारी शेजारी ठेवत नसे.

नवरा कप गोळा करायला आला आणि थबकला.

"अगं, हे तर सगळे भरलेलेच आहेत."

टेबलावर तीन कप होते. तिन्ही काठोकाठ, तिन्ही गार, आणि तिन्हींत निळ्या रंगाचा तवंग. शेजारी ब्रश धुवायचा पाण्याचा ग्लास होता. तो लख्ख आणि रिकामा.

सकाळपासून आभाळ मातकट का येतंय म्हणून तिने कागदाला शिव्या घातल्या होत्या, आणि ब्रश मात्र कॉफीत बुडवला होता. पाणी ती पीत होती.

"म्हणजे आज एकही कप नाही?" तिने विचारलं.

"एकही नाही." नवरा हसत होता. "म्हणून तर हात थरथरतोय. सवयीच्या माणसाला मिळाली नाही की असंच होतं. ताजी करतो."

"काल थरथरत होता तेव्हा जास्त झाली म्हणालास."

"काल जास्त झाली होती."

"जास्त झाली तरी थरथरतो, मिळाली नाही तरी थरथरतो? मग थरथरत नाही कधी?"

नवऱ्याचं हसू मावळलं. तिला आता भीती वाटत होती, आणि ती भीती कुठल्या रेघेत मोजायची ते कळत नव्हतं.

हे बोलणं बाबांनी दारात उभं राहून ऐकलं होतं. ते आत गेले आणि एक काठी घेऊन आले. हातभर लांब, टोकाला कापडाचा गोळा बांधलेला, रंगांनी माखलेली. पाट्या रंगवताना मनगट टेकवायची.

"गोळा कागदाच्या बाहेर टेकव," ते म्हणाले. "डाव्या हाताने घट्ट धर. उजवं मनगट काठीवर ठेव. हात थरथरला तर थरथरू दे. रेघ खांद्यातून ओढ."

तिने श्वास सोडला आणि दोरी ओढली. मुठीपासून फुग्यापर्यंत. मध्ये एका जागी किंचित हलली, वाऱ्याने दोरी हलते तेवढीच.

साडेचारला चित्र गेलं. दहा मिनिटांत संपादकबाईंचा फोन आला. संध्याकाळचं आभाळ करायचं छान सुचलं म्हणाल्या. ती हो म्हणाली.

फोन ठेवून तिने विचारलं, "बाबा, तुमचं कसं सुरू झालं होतं?"

"चहा जास्त होतोय असं वाटलं मला," बाबा म्हणाले. "म्हणून चहा सोडला. दोन वर्षं सोडला होता."

"मग?"

"मग डॉक्टरकडे गेलो. ती दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही, एकटाच घाबरत राहिलो." त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "तुझं कॉफीचंही असेल. मला काय कळतंय त्यातलं? पण उद्या दाखवून येऊ. मी येतो बरोबर."

तिने हो म्हणून मान हलवली आणि ती रडली, थोडीशी.

नवरा कॉफी घेऊन आला. दिवसाचा पहिला कप, आणि बिचाऱ्याने काळजीने अर्धाच भरला होता. तिने दोन्ही हात पुढे केले.

"तिला पूर्ण भरून दे," बाबा म्हणाले. "सांडलं तर पुसू."